फुईची जागा

४ एप्रिल, शनिवार. धुळ्यात फुईच्या खोलीपुढच्या ओट्यावर बादलीत चुना भिजत घातला आहे. तो फुटून शांत होईपर्यंत मला दुसरं काम नाही, म्हणून लिहायला बसले. उद्या ईस्टर. आमच्या चर्चच्या मंडळीची ईस्टरची पहिली उपासना उजाडता उजाडता कबरस्तानात होते, आणि आदल्या दिवशी घरोघरची माणसं आपापल्या कबरी झाडून, गवत उपटून, चुना लावून ठेवतात. दिवाळीआधी घर रंगवावं तसं. इतकी वर्षं हे काम फुई आणि मी मिळून करायचो. ती गवत उपटायची, मी कुंचा मारायचे, आणि कुठे राहिलं ते ती लांबूनच बोट करून दाखवायची. यंदा मी एकटी आहे. फुई फेब्रुवारीत गेली.

आणि गंमत अशी... गंमत म्हणवत नाही, पण दुसरा शब्द सापडत नाही... आज मी ज्या कबरीला चुना लावणार आहे तिच्या दगडावर फुईचं नाव आहे, पण फुई तिथे नाही. फुई गावाबाहेरच्या नव्या जागेत आहे, आणि तिथे चुना लावण्यासारखं काही नाही. नुसता मातीचा उंचवटा. हे असं कसं झालं ते सांगायचं तर सगळी फुईच सांगावी लागेल.

बातमी आली तेव्हा मी जळगावला दुकानात होते. वडिलांनी सुरू केलेलं मोटार रिवाइंडिंगचं दुकान त्यांच्यामागे मी चालवते. शेतकऱ्यांच्या विहिरीवरच्या मोटारी जळतात, आम्ही आतली तार बदलून देतो. लग्न केलं नाही, त्यामुळे दुकान सोडून जायची वेळ कधी आली नाही. सावद्याकडचे एक केळीवाले भाऊ काउंटरला टेकून उभे होते. पाणी तुटलं तर बाग बसेल म्हणून सकाळपासून माझ्या डोक्यावर बसले होते. तेवढ्यात फुईच्या घरमालकिणीचा फोन आला. "ताई, फुई उठत नाहीयेत."  मी फोन ठेवला आणि भाऊंना सांगितलं. ज्यांना घटकाभराचा उशीर खपत नव्हता ते म्हणाले, "जाय बरं अक्का, जाय तू. मोटार काही पयून नही जात." कारागिराला चावी दिली आणि धुळ्याची बस धरली. एरंडोल गेलं, पारोळा गेला. रडू आलं नाही. कोणाला कळवायचं, शवपेटी कोण करून देईल, खोलीवर माणसं मावतील का, हेच डोक्यात चाललं होतं. कामाचं माणूस असण्याचा हा एक फायदा आहे. रडायचं राहून जातं आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

फुई म्हणजे वडिलांची बहीण. इतरांची आत्या, आमची फुई. पुढे ती अख्ख्या मंडळीचीच फुई झाली; पाळकसाहेबसुद्धा तिला फुईच म्हणायचे. तिचे यजमान, आमचे फुवा, याकोब मास्तर. मिशनच्या शाळेत शिकवायचे, रविवारी उपासनेत बाजा, म्हणजे हार्मोनियम, वाजवायचे. कंपाउंडमध्ये त्यांना राहायला कौलारू घर होतं, पुढे चिंच, मागे विहीर. मूल नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे पडीक असायचे. फुवा अचानक गेले, आणि घर शाळेचं असल्यामुळे फुईला ते सोडावं लागलं. मी जळगावहून गेले ती बाह्या सरसावूनच. इतक्या वर्षांच्या नोकरीची एवढीच किंमत का, हे मी साहेबलोकांना विचारणार होते. जाऊन बघते तर फुईने गाठोडी बांधून दोरी आवळलेली.

"शालू, भांडायला आलीस का सामान उचलायला?"

"दोन्ही."

"मग आधी सामान उचल. भांडायला वेळ उरला तर बघू."

उरला नाही. या दोन भाड्याच्या खोल्यांत ती आली आणि कंपाउंडच्या घराचं नावही पुन्हा तिने काढलं नाही. मला ते पटायचं नाही. माणसाने घराला थोडं तरी हळहळावं. फुवांचा बाजा तिने सहा महिन्यांत अक्कलकुव्याकडच्या डोंगरातल्या एका मंडळीला देऊन टाकला. मी चिडले. म्हटलं, "फुवांची बोटं लागलेली वस्तू होती ती." ती म्हणाली, "अगं, माझ्याकडे ती उंदरं वाजवत होती."

तिचं म्हणणं साधं होतं. हातात आहे ते वापरावं, पण त्याच्यावर टेकून उभं राहू नये. टेकायचं तर एका देवावर. हे ती उपदेशासारखं सांगायची नाही. भाजी निवडताना, कांदा चिरताना तिच्या तोंडून निघून जायचं. मीही ख्रिस्ती घरातलीच. उपासना चुकवत नाही. पण मी तार, बेअरिंग आणि फ्यूज यांच्यात वाढलेली बाई. मी तिला म्हणायचे, "फुई, देव आहेच, पण फ्यूज लावलेला बरा." त्यावर ती एकदा म्हणाली, "लाव की. कोण नको म्हणतं? फक्त फ्यूजला हात जोडू नको."

असं सगळं असताना एक गोष्ट मात्र तिने घट्ट धरून ठेवली होती. तिची जागा.

फुवांच्या शेजारची जागा तिने त्यांच्या दफनाच्या वेळीच कबरस्तानाच्या कमिटीकडून स्वतःच्या नावाने धरली होती. दगडसुद्धा दोघांचा एकच. काळा कडप्पा, मधोमध क्रूस, डावीकडे फुवांचं नाव आणि तारखा, उजवीकडे 'त्यांची पत्नी सुशीलाबाई', जन्मतारीख, आणि त्याखाली 'निधन' लिहून पुढे मोकळी जागा. आमच्यात पुष्कळ जोडपी असा दगड करतात. दोनदा घडणावळ पडत नाही. जिवंतपणी स्वतःचं नाव दगडावर वाचायला मला विचित्र वाटायचं. तिला नाही. कबरस्तानात गेलं की फुवांच्या कबरीवरचा कचरा काढून झाल्यावर ती शेजारच्या मोकळ्या जमिनीवर पाय पसरून बसायची. "लोकांनी साक्री रोडला प्लॉट घेतले, मी इथे घेतला," म्हणायची. "एन.ए. झालेला. शेजारही चांगला आहे. घोरत होता, आता तेही नाही."

जागेच्या चार कोपऱ्यांना तिने चार विटा पुरल्या होत्या. एकदा पलीकडच्या कबरीचं बांधकाम करताना गवंड्याने ओटा वीतभर अलीकडे घेतला, तर फुईने कमिटीच्या नानांना घरी जाऊन गाठलं. नाना म्हणजे मंडळीतले जुने गृहस्थ, वीज मंडळातून निवृत्त झालेले. कबरस्तानाचा नकाशा त्यांच्याकडे. शेवटी पाळकसाहेब मध्ये पडले. हसत हसत म्हणाले, "फुई, तुम्हीच आम्हाला सांगता, वर जागा तयार आहे म्हणून. मग वीतभर मातीसाठी..." फुई म्हणाली, "वरची आहे ते ठाऊक आहे मला. मी ही धुळ्यातली म्हणते." ओटा तोडून मागे घ्यावा लागला.

मला तिचं हे भांडण आवडलं होतं. बाजा दिला, घर दिलं, पण कुठेतरी ही बाईसुद्धा आपल्यासारखीच आहे, एवढं समाधान मला त्यात होतं.

चुना झाला. लावून येते.

लावून आले. ऊन फार आहे, पण चुना उन्हात चांगला बसतो. आता पुढचं.

काही वर्षांपूर्वी, पावसाळा ऐन भरात असताना, शेवंती गेली. दिलीप नरडाण्याच्या एका कारखान्यात कामाला. तो आणि त्याची बायको शेवंती, सातपुड्यातल्या एका पाड्यावरची ख्रिस्ती माणसं. रविवारी धुळ्याला उपासनेला यायची, मागच्या बाकावर बसायची, संपलं की गाडी पकडायला पळायची. आम्हाला त्यांची नावंही नीट ठाऊक नव्हती. शेवंतीला ताप आला, तो डोक्यात गेला, आणि धुळ्याच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी ती संपली. पाड्यावर न्यायचं तर घाटात रस्ता वाहून गेलेला, गाडीवाला तयार होईना. म्हणून तिला आमच्या कबरस्तानाच्या फाटकाशी आणलं.

तो रविवार होता, दुकान बंद म्हणून मी फुईकडे आले होते, त्यामुळे मीही तिथे होते. फाटकाशी टेम्पो उभा, वरून पाणी, ताडपत्रीखाली ती. नाना छत्रीखाली नकाशा उघडून उभे. आमचं कबरस्तान जुनं आणि लहान, चारी बाजूंनी वस्ती. जी जागा मोकळी दिसते ती कोणा ना कोणाच्या नावाने धरलेली. नव्या जागेसाठी कमिटीने कधीचा अर्ज केला होता, ती हातात यायची होती. नानांचं चुकत नव्हतं. ते दिलीपला सांगत होते, "बाबा, माझ्या घरची असती तरी कुठे ठेवू? तूच दाखव."  दिलीपने टेम्पोच्या फळीला धरून ठेवलं होतं, एवढंच. आम्ही वीस-पंचवीस माणसं होतो, त्यांतल्या निम्म्यांच्या जागा आत धरलेल्या. सगळे आपापल्या चपलांकडे बघत होते.

फुई माझ्या छत्रीतून निघून आत गेली. मला वाटलं, पाऊस वाढला म्हणून आडोशाला गेली. वळून बघते तर ती फुवांच्या कबरीशेजारी वाकून मातीतली वीट उकरत होती. एक काढली, बाजूला ठेवली. दुसरी काढली. मी धावत गेले.

"फुई, काय करतेस?"

"खणायला बोलाव त्यांना."

"दुसरी जागा बघतील ते."

"कुठली?"

 मी म्हटलं, "आणि तुझं काय?"

"मी आज मेलेय का?" ती वैतागून म्हणाली. "मेलीय ती पोरगी. पावसात पडलीय बाहेर. धर ही वीट."

नानाही आले. त्यांनी तिला समजावलं की दगडावर तुमचं नाव आहे, एकदा दिली की परत नाही, मास्तरांच्या शेजारी परकी मुलगी... फुई म्हणाली, "मास्तरांना मी सांगते. लाजतील थोडे, पण काही म्हणणार नाहीत." मग फुवांच्या कबरीकडे तोंड करून खरंच म्हणाली, "अहो, पोर आहे आपली. सांभाळून घ्या."

त्या दिवशी मला फुईचा राग आला होता, आणि तो राग चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. दुसऱ्याचं दुःख मोठं असतं म्हणून आपलं लहान होत नाही. संध्याकाळी या खोलीत मी खिचडी टाकली. ती जेवेना. भिंतीला टेकून बसली आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. घर सोडताना रडली नव्हती, ती.

"मला ती जागा पाहिजे होती गं," म्हणाली.

"मग दिलीस कशाला? देवाने सांगितलं का तुला?"

"कुठे बोलला? काहीच नाही बोलला. बोलला असता तर सोपं होतं." मग तोंडावरचा पदर बाजूला घेऊन म्हणाली, "घर दिलं, बाजा दिला, तेव्हा मला वाटायचं माझा देवावर केवढा भरवसा. पण शालू, तेव्हा माझी ही जागा होती ना. मी आतल्या आत हिच्यावर टेकायचे. आज टेकायला काही नाही."

"मग आता?"

"आता घाबरलेय." तिने नाक पुसलं. "उद्या बघू. खिचडी करपली वाटतं तुझी."

करपली होती. आम्ही दोघींनी तीच खाल्ली.

दगडाचा प्रश्न उरला. शेवंतीच्या डोक्याशी 'सुशीलाबाई' हे नाव. नाना म्हणाले, पाथरवट बोलावून नाव काढून टाकू. फुईने नको म्हटलं. दिलीपकडे दगड करण्याइतकं काही नाही, तिच्या उशाशी काहीतरी असू दे, नावाचं काय एवढं. त्यातून पुढच्या नाताळात जो प्रकार झाला तो आमच्या मंडळीत अजून सांगतात. फुवांचा एक जुना विद्यार्थी बऱ्याच वर्षांनी धुळ्याला आला. गुरुजींच्या कबरीवर फुलं ठेवायला गेला, तर शेजारी नवा मातीचा उंचवटा, त्यावर झेंडूची फुलं, आणि दगडावर बाईंचं नाव; तारीख कोरायची राहिली असेल असं त्याला वाटलं. बिचारा हळहळला. फुलांचं एक चक्र विकत घेतलं, पत्ता विचारत विचारत घरच्यांना भेटायला इथे आला. दार फुईने उघडलं. तो पायरीवरच बसला. फुई म्हणाली, "आलास तसा चहा घेऊन जा. मला यायला वेळ आहे अजून." चक्र तिने दाराला लावून टाकलं, नाताळ होताच. घरमालकीण पुढचे चार दिवस मागच्या दाराने ये-जा करत होती.

ती घाबरलेली होती ते केव्हा संपलं मला ठाऊक नाही. ती सांगायची नाही आणि मी विचारायची नाही. एवढं बघितलं की कबरस्तानात गेल्यावर ती आता बसायची नाही. दोन्ही कबरी झाडायची, शेवंतीच्या कबरीवर जरा जास्त वेळ हात फिरवायची, आणि उभ्यानेच प्रार्थना करायची. एकदा परतताना रिक्षात म्हणाली, "आता कुठेही टाका मला. हलकं वाटतं." मी म्हटलं, "टाका काय, कचरा आहेस का?" ती हसली. मला हलकं वाटत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात नवी जागा एकदाची हातात आली. गावाबाहेर, माळापलीकडे, काळ्या मातीचं एक मोठं उघडं वावर. भिंत नाही, झाड नाही. आणि तिथे जाणारी पहिली फुई ठरली. दफनाला माणसं पुष्कळ होती, पण त्या एवढ्या रानात ती मूठभर दिसत होती. वारा असा होता की पाळकसाहेबांचे शब्द दुसऱ्याच दिशेला जात होते. खणणाऱ्यांनी विचारलं, कुठे खणू? एरवी आमच्यात या प्रश्नावर किती बोलणं होतं; ही कबर त्या कबरीला लागून, ती अमक्याच्या पायथ्याशी. तिथे लागून काहीच नव्हतं. नाना म्हणाले, कुठेही खणा. सगळे निघाल्यावर मी मागे वळून बघितलं. एवढ्या मोठ्या वावरात तो एकच उंचवटा. जिने आयुष्यभर माणसं जोडली, तिच्या शेजारी कोणी नाही, हे मला सहन झालं नाही. अजूनही होत नाही. लोक म्हणतात ती प्रभूजवळ आहे. आहेच. पण मी बघत होते ते मला दिसत होतं.

आज चुना लावताना दिलीप आला. तो दर वर्षी येतो. शेवंतीच्या बाजूचा चुना त्यानेच मारला, फुलं ठेवली. मी म्हटलं, नव्या जागेकडे मी संध्याकाळी जाईन, काळी माती उन्हाने तडकली असेल. तो म्हणाला, "मी सकायमाच जाई उनू अक्का. माटी फाटेल व्हती, पानी टाकी उनू." सकाळीच पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन तो तिकडे जाऊन आला होता. मी त्याला सांगितलं नव्हतं, कोणीच सांगितलं नव्हतं. तिकडे माझ्याशिवाय कोण जाणार, असं मी धरून चालले होते. तो लगेच निघाला, संध्याकाळची पाळी होती.

तो गेल्यावर नाना आले. त्यांच्या हातात नव्या जागेचा नवा नकाशा होता. रांगा आखल्या आहेत म्हणे, लोक आत्तापासून जागा सांगायला लागलेत. मग आवाज खाली आणून म्हणाले, "शालू, फुईशेजारची कोणाला दिली नाही मी अजून. तुझ्या नावाने धरू? उद्या सांग. उद्या बाकीचे विचारतील."

मी उद्या सांगते म्हणाले, आणि तेव्हापासून तेच डोक्यात आहे. मला ती जागा हवी आहे. आडवळणाने कशाला लिहू? माझा एक भाऊ आहे, पुण्याला. सुट्टी मिळाली तर येईल. दुकान माझ्यामागे कारागीर बघेल, तसं करून ठेवलं आहे. इन्व्हर्टर आहे, विमा आहे, गुडघ्याचा डॉक्टर ठरलेला आहे. मी सगळी सोय करून ठेवणारी बाई आहे. पण रोज सकाळी शटर वर गेलं की फुईचा फोन यायचा. "उघडलं का?" मी हो म्हटलं की ती तिकडून प्रार्थना करायची, चार-दोन वाक्यांची, आणि मी इकडे फोन कानाला धरून बेअरिंगच्या पेट्या लावायचे. मन असायचंच असं नाही. आता शटर उघडल्यावर पेट्या लावते आणि दुकानात फक्त पेट्यांचा आवाज होतो. याची सोय मला करता आलेली नाही. तेव्हा निदान मेल्यावर तिच्या शेजारी असावं, एवढं मागितलं तर काय बिघडलं? फुईनेसुद्धा मागितलं होतंच.

आणि दिलंही होतं... हेही डोक्यात येतं. नव्या जागेत उद्या पहिली रांग भरेल, मग दुसरी. पुन्हा सगळ्या मोकळ्या जागांना विटा लागतील. पुन्हा कोणीतरी फाटकाशी उभं राहील.

रविवार. उजाडायच्या आत माणसं जमली. चुन्याच्या कबरी अंधारातही दिसत होत्या. पाळकसाहेब मोठ्याने म्हणाले, "ख्रिस्त उठला आहे!" आणि सगळ्यांनी उत्तर दिलं, "खरोखर उठला आहे!" दर वर्षी या उत्तरात फुई सगळ्यांच्या अर्धा शब्द पुढे असायची. तिला दम धरवायचा नाही. त्यामुळे आमचं उत्तर कधी एका सुरात झालं नाही. यंदा झालं. पहिल्यांदाच नीट जुळलं, आणि मला तिथून उठून जावंसं वाटलं.

उपासनेनंतर फाटकाशी चहा असतो. नाना कप घेऊन माझ्याकडे आले. "काय वं शालू, लिहू का नाव?"

"नका लिहू, नाना."

"दुसरीकडे पाहिजे का? रस्त्याच्या अंगाला?"

"कुठेच नको. फुईशेजारची ज्याला आधी लागेल त्याला द्या."

नानांनी कप फाटकाच्या खांबावर ठेवला. "फुईचं वारं लागलं का तुला? अगं, ती होती म्हणून निभावलं. तू कुठे जाशील?"

"असेल तिथे ठेवाल. उघड्यावर तर नाही ना टाकणार?"

"मी तोवर असलो तर बघेन," नाना म्हणाले. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. आम्ही दोघंही हसलो.

बोलून गेले आणि लगेच वाटलं, परत घ्यावं. नाना अजून समोर होते, नकाशा त्यांच्या खिशात होता. फुईला जे हलकं वाटलं म्हणे, तसं मला काही वाटलं नाही. भीती वाटली. मी कप धुवायच्या बादलीत टाकला आणि निघाले.

रिक्षा करून नव्या जागेत गेले. कोणी नव्हतं. दिलीपने पाणी टाकलेली माती वरून सुकली होती, आतून ओली होती. मी उंचवट्यापाशी उभी राहिले. प्रार्थना तोंडाने म्हणायची मला सवय नाही, ते खातं फुईचं. म्हणून जे येत होतं तेच मोठ्याने म्हटलं, "ख्रिस्त उठला आहे." थोडा वेळ थांबले. मग उत्तरही मीच दिलं, आणि जळगावच्या बसला निघाले.